तारा निघाल्या, मग रिटेनर किती दिवस?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही सांगलीचे. माझ्या मुलीला दहावीनंतर दात सरळ करायला तारा, म्हणजे ब्रेसेस, लावल्या होत्या. सव्वादोन वर्षं तिने सगळं नीट सांभाळलं आणि या मे महिन्यात तारा निघाल्या. सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून डॉक्टरांनी वरच्या दातांसाठी काढता-घालता येणारा प्लास्टिकचा पारदर्शक रिटेनर दिला आणि खालच्या पुढच्या दातांना आतल्या बाजूने एक बारीक तार चिकटवली. पुढे ती इंजिनिअरिंगला पुण्याला हॉस्टेलवर गेली. गणपतीला घरी आली तेव्हा कळलं, तीन आठवडे तिने रिटेनर लावलाच नव्हता. मैत्रिणींसमोर बोलताना जीभ अडखळते म्हणते. रिटेनर पिवळा पडला होता, वास येत होता, म्हणून मी तो उकळत्या पाण्यात घालून ठेवला. आता तो दातांवर बसतच नाही.

माझ्या सासूबाई कवळी रात्री काढून पाण्यात ठेवतात. त्यामुळे मीही लेकीला 'रात्री काढून ठेवत जा' असंच सांगत होते. सासूबाई म्हणतात, दात सरळ झाले ना, आता कशाला ते? आणि अक्कलदाढ आली की पुन्हा वाकडे होणारच. आमचे डॉक्टर म्हणाले होते, 'कायम लावायचा.' कायम म्हणजे आयुष्यभर? रोज फोनवर विचारते तर पोरगी चिडते. एवढा खर्च आणि एवढी वर्षं वाया गेली का?

— एक आई, सांगली

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वाया काही गेलेलं नाही. मात्र आता दिवस घालवू नका. लेक पुण्याला परत जाण्याआधी, जमलं तर उद्याच, ज्या डॉक्टरांनी तारा लावल्या त्यांना फोन करा आणि 'वरचा रिटेनर बसत नाही' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'दाखवायला यायचंय' म्हणालात तर पुढच्या महिन्यातली तारीख मिळेल. रिटेनर बसत नाही म्हटलं की हे लवकर बघायचं काम आहे, हे त्यांना कळतं.

जाताना तो बिघडलेला रिटेनर सोबत न्या. टाकून देऊ नका. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी लागोपाठ घडल्या आहेत. आधी तीन आठवडे रिटेनर तोंडाबाहेर राहिला आणि मग त्यावर उकळतं पाणी पडलं. दात सरकले म्हणून तो बसत नाही की त्याचाच आकार बिघडला म्हणून बसत नाही, हे घरी ओळखणं अवघड आहे. दवाखान्यात ते दोन मिनिटांत कळू शकतं. तारा काढल्या तेव्हाच्या मापाचा साचा किंवा स्कॅन डॉक्टरांकडे असतो आणि रिटेनर त्यावरच बनवलेला असतो. तो पुन्हा त्या साच्यावर चढवून बघायचा. साच्यावर नीट बसला तर रिटेनर चांगला आहे, दात हललेत. साच्यावरही बसला नाही तर रिटेनर वाकडा झालाय आणि दात कदाचित बऱ्यापैकी जागेवरच असतील. थोडं हे, थोडं ते, असंही निघू शकतं.

पुढे काय करायचं ते त्यावर ठरेल. दात हलले नसतील तर नवं माप आणि नवा रिटेनर, विषय संपला. केसभर हलले असतील तर जुन्या साच्यावरून बनवलेला नवा रिटेनर काही दिवस दिवसरात्र लावून ते मागे येऊ शकतात. त्याहून जास्त हललेले असतील तर दोन-चार अलायनर, म्हणजे दात थोडे थोडे सरकवणारी पारदर्शक प्लास्टिकची आवरणं, किंवा मोजक्याच दातांवर थोड्या काळासाठी पुन्हा तारा, असे मार्ग असतात. पहिल्यासारखी सव्वादोन वर्षं पुन्हा काढायला लागतील, ही भीती मनातून काढून टाका. तीन आठवड्यांत सहसा तेवढं बिघडत नाही.

तोवर एक पथ्य मात्र कडक पाळायचं. तिने तो रिटेनर दातांनी चावून, दाबून, जबरदस्तीने बसवू नये. आकार बिघडलेलं प्लास्टिक दातांना भलत्याच दिशेला ढकलतं, हिरडीला कापतं आणि शेवटी मोडतं. कडा टोचते म्हणून घरीच नेलकटरने कापणं किंवा कानशीने घासणंही नको.

उकळत्या पाण्याबद्दल स्वतःला बोल लावून घेऊ नका. लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्या उकळून काढलेल्या कुठल्याही आईला तेच सुचणार. फक्त हा रिटेनर बनतो कसा ते एकदा समजून घ्या, म्हणजे ती चूक घरात पुन्हा कुणाकडून होणार नाही. प्लास्टिकचा पातळ पत्रा मऊ होईपर्यंत तापवतात, दातांच्या साच्यावर ठेवतात आणि मधली हवा ओढून घेतात. पत्रा साच्याला चिकटतो आणि गार झाला की दातांचा आकार धरून कडक होतो. उकळत्या पाण्यात तेच प्लास्टिक पुन्हा सैल पडतं, फक्त आता खाली साचा नसतो. म्हणून रिटेनरला पाणी नेहमी नळाचं, साधं. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेले रिटेनरसुद्धा असेच वाकडे होऊन माझ्याकडे येतात.

आता सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण तो अगदी रास्त प्रश्न आहे. दात सरळ झाले, मग आता कशाला?

दात हाडात घट्ट रुतून बसलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो आणि दात त्या तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. तारेने दाब दिला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात हळूहळू पुढे सरकतो. ब्रेसेसचं सगळं काम याच्यावर चालतं. तारा काढतो त्या दिवशी दात दिसायला ओळीत असतात, पण भोवतीचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी नीट जुळायला तीन-चार महिने लागतात. हिरडीतल्या तंतूंना चार ते सहा महिने लागतात आणि हिरडीतले जे लवचिक तंतू असतात ते तर वर्षभरही घेतात. त्यातून एखादा दात मुळात स्वतःभोवती वळलेला असेल आणि आपण तो फिरवून सरळ केला असेल, तर हिरडीतले तंतू ताणलेल्या इलास्टिकसारखे त्याला जुन्या जागेकडे ओढत राहतात. नॉर्वेचे कोरे रायटन यांनी 1959 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं होतं. फिरवलेला दात 232 दिवस धरून ठेवल्यानंतरही हिरडीतले तंतू ताणलेलेच दिसत होते. तुमच्या लेकीच्या तारा निघून जेमतेम चार महिने होतायत. म्हणजे ज्या काळात दात सगळ्यात जास्त डळमळीत असतात, नेमका त्याच काळात रिटेनर डबीत राहिला.

हे पहिलं वर्ष सरलं की मग सुटका, असं तुम्हाला वाटेल. तिथे दुसरं कारण येतं आणि ते आयुष्यभराचं आहे. माणसाचे दात वय वाढेल तसे सावकाश पुढे आणि आत सरकत राहतात. खालच्या जबड्यातली पुढची जागा वर्षागणिक थोडी थोडी आक्रसते आणि खालचे पुढचे चार दात एकमेकांवर चढू लागतात. ज्यांनी कधीच तारा लावल्या नाहीत, त्यांचंही हेच होतं. तुमचे स्वतःचे खालचे दात आरशात नीट बघा आणि लग्नातल्या एखाद्या हसऱ्या फोटोशी ताडून पाहा. बहुतेकांना फरक दिसतो.

ब्रेसेस लावलेल्यांचं पुढे काय होतं, याच्या सगळ्यात जास्त चर्चिल्या गेलेल्या नोंदी अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ठेवल्या गेल्या. रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली अशा 65 जणांचे साचे तपासले, ज्यांच्या उपदाढा काढून उपचार झाले होते आणि ज्यांचे रिटेनर बंद होऊन किमान 10 वर्षं उलटली होती. खालचे पुढचे दात समाधानकारक ओळीत टिकले होते ते 30 टक्क्यांहूनही कमी लोकांचे. 1988 साली त्यांनी रिटेनर बंद होऊन 20 वर्षं झालेल्यांचे साचे पाहिले, तेव्हा हे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवर आलेलं होतं. त्यांच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की कुणाचे दात टिकतील आणि कुणाचे फिरतील, हे आधी सांगता येईल अशी एकही खूण त्यांना सापडली नाही. मुलगा-मुलगी, वय, आधी दात किती वाकडे होते, कशावरूनच अंदाज बांधता येईना. म्हणून तुमचे डॉक्टर सगळ्यांनाच 'कायम' म्हणतात. काही पालकांना वाटतं की दवाखान्यात येत राहावं म्हणून डॉक्टर असं सांगतात. तसं नाही. दहा वर्षांनी पुन्हा तारा लावायच्या म्हटलं तर रुग्णाला जो खर्च आणि त्रास होतो, त्यापुढे रात्रीचा रिटेनर काहीच नाही.

अक्कलदाढेबद्दल सासूबाई जे म्हणतात ते घरोघरी ऐकू येतं आणि एके काळी दातांचे डॉक्टरही तसंच मानत. वयाच्या अठरा-वीसच्या सुमाराला अक्कलदाढ येते, त्याच सुमाराला खालचे पुढचे दात गर्दी करू लागतात, म्हणून दोष तिच्या माथी बसला. पण ज्यांना जन्मतःच अक्कलदाढा नाहीत त्यांचेही पुढचे दात वाकडे होतात. ब्रिटनमध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मुलांच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या, आणि काही वर्षांनी दोन्ही गटांतल्या दातांच्या गर्दीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा केवळ दात वाकडे होतील या भीतीने अक्कलदाढ काढू नका. ती आडवी अडकली असेल, दुखत असेल, वारंवार सूज येत असेल, शेजारची दाढ किडवत असेल, तर गोष्ट वेगळी. उलट बाजूने, अक्कलदाढ येणारच आहे म्हणून रिटेनर सोडून द्यायचा, हेही बरोबर नाही. फक्त ती दाढ वर येऊ लागली आणि रिटेनर मागच्या टोकाला उचलला जातोय असं वाटलं, तर दाखवायला जा.

आता रात्रीचं. ताई, तुमच्या पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली, कारण असा गोंधळ अनेक घरांत होत असणार. कवळी आणि रिटेनर दिसायला एका जातीचे वाटतात, पण दोघांचं काम उलट आहे. दात नाहीत म्हणून खाण्या-बोलण्यासाठी दिवसा कवळी लावतात आणि तिच्याखालच्या हिरडीला विश्रांती मिळावी म्हणून रात्री काढून पाण्यात ठेवतात. रिटेनर आपल्याच दातांना जागेवर धरतो. त्याचा खाण्याशी संबंध नाही, उलट खाताना तो काढायचाच असतो. आणि दिवसाचे तास जसजसे कमी होत जातील, तसतशी रात्रच त्याच्या वाट्याला उरते. लेकीला तुम्ही सांगितलेलं तेवढं एक आता उलटं करून सांगा.

तास किती, हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. बरेच डॉक्टर पहिले तीन ते सहा महिने जेवणाचा आणि ब्रशचा वेळ सोडून दिवसभर आणि रात्रभर लावायला सांगतात, मग फक्त रात्री. काही जण पारदर्शक रिटेनर सुरुवातीपासून रात्रीच पुरेसा मानतात आणि त्यालाही अभ्यासांचा आधार आहे. तुमच्या लेकीच्या बाबतीत मध्ये खंड पडलेला असल्यामुळे नवा रिटेनर मिळाल्यावर काही काळ ते दिवसभर लावायला सांगतील असा माझा अंदाज आहे. त्यानंतर रोज रात्री. वर्षं सरली आणि सगळं स्थिर राहिलं की काहींना आठवड्यातून काही रात्री पुरतात, पण ते दात बघून डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने ठरवायचं नाही. आयुष्यभर का, तर हो, जोवर दात सरळ राहावेत असं तिला वाटतं तोवर. झोपेतच लावायचा असल्याने हे ऐकायला वाटतं तेवढं जड जात नाही.

रिटेनर स्वतःच खबर देतो, हे तिला शिकवून ठेवा. एखाद-दुसरी रात्र चुकली आणि पुढच्या रात्री घालताना घट्ट वाटला, पण आरशात पाहिलं तर दातांच्या टोकांशी सगळीकडे चिकटून पूर्ण बसलेला दिसतोय, तर घाबरायचं कारण नाही. दोन-तीन दिवस जेवणाखेरीज सतत लावायचा, घट्टपणा जातो, मग पुन्हा रात्रीचा क्रम. पण दाताचं टोक आणि प्लास्टिक यांच्यात फट दिसत असेल तर तिथला दात हललेला आहे किंवा रिटेनर बिघडलाय. मग 'बघू, दोन दिवसांनी बसेल' असं म्हणत थांबायचं नाही.

जीभ अडखळते ही तिची तक्रार खरी आहे. टाळूवर किंवा दातांवर नवी वस्तू आली की 'स', 'श', 'च' हे उच्चार काही दिवस घसरतात आणि लाळही जास्त सुटते. वापर सलग असला तर जीभ सहसा आठवडाभरात सरावते. धरसोड केली की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात, आणि तिचं बहुधा हेच झालं असावं. दिवसभर लावायचा सल्ला मिळाला तर पहिले काही दिवस खोलीत एकटी असताना पुस्तकाची दोन-चार पानं मोठ्याने वाचायला सांगा. याचा फार उपयोग होतो. आणि एकदा रात्रीपुरताच राहिला की मैत्रिणींसमोर बोलण्याचा प्रश्नच उरत नाही.

पिवळेपणा आणि वास याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या अनुभवात मुलं रिटेनर सोडतात ती बहुतेक वेळा त्याच्या किळसेपायी.

सांगलीच्या माणसाला हळद काय रंगवते ते मी सांगायला नको. रिटेनर लावून वरण-भात किंवा मिसळ खाल्ली की प्लास्टिक हमखास पिवळं होतं आणि तो रंग पुरता जात नाही. चहा-कॉफीचंही तसंच. पण रंगापेक्षा मला काळजी साखरेची वाटते. रिटेनर लावून गोड चहा, सरबत, उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक प्यायलं की ते पाणी प्लास्टिक आणि दात यांच्यामध्ये अडकून राहतं. एरवी लाळ दात धुऊन काढते, इथे तिला आत शिरताच येत नाही. असे तासन् तास गोड पाण्यात बुडालेले दात किडतात, पुढच्या दातांवर पांढरे डाग येतात. म्हणून रिटेनर तोंडात असताना फक्त साधं पाणी प्यायचं.

वास येतो तो जिवाणूंच्या बुळबुळीत थराचा. रात्री दात घासून, शक्य असेल तर फ्लॉस करून, म्हणजे दातांच्या फटींतून दोरा फिरवून, मगच रिटेनर घालायचा. सकाळी काढल्या काढल्या, तो ओला असतानाच, साध्या पाण्याखाली धरून मऊ ब्रशने आतून-बाहेरून घासायचा. ब्रश वेगळा ठेवावा. भांडी घासायच्या लिक्विडचा किंवा हात धुवायच्या सौम्य साबणाचा एक थेंब पुरतो. टूथपेस्ट लावू नका, मंजन आणि राखुंडी तर मुळीच नको. त्यांतल्या कणांनी प्लास्टिकवर बारीक ओरखडे उठतात, पुढे घाण त्याच ओरखड्यांत बसते आणि पारदर्शक रिटेनर धुरकट दिसायला लागतो. सकाळी वाळेपर्यंत ठेवलेली घाण संध्याकाळी निघत नाही, म्हणून धुवायचं ते सकाळीच.

आठवड्यातून एक-दोनदा कवळी साफ करायची गोळी किंवा पावडर वापरा. ती तुमच्या घरात सासूबाईंकडे बहुधा असेलच, औषधाच्या दुकानातही मिळते. पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ भिजवायचं, पाणी कोमटाच्या वर नको, आणि मग खळखळून धुऊनच तोंडात घालायचं. गोळीवर गरम पाणी लिहिलेलं असलं तरी पारदर्शक रिटेनरला ते चालणार नाही, एवढं लक्षात ठेवा. खडूसारखा पांढरा थर बसला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन पंधरा-वीस मिनिटं भिजवून ब्रश करा. ब्लीच, धुण्याचा सोडा, अल्कोहोल असलेलं माउथवॉश यांच्या वाटेला जाऊ नका. एवढं करूनही वास हटत नसेल किंवा तडा दिसला असेल तर रिटेनर बदलायची वेळ आली. पारदर्शक रिटेनर झिजतातच. रात्री दात खाणाऱ्यांचे तर लवकर झिजतात.

जुन्या पद्धतीचा, टाळूवर गुलाबी किंवा रंगीत प्लास्टिक आणि दातांवरून जाणारी तार असलेला रिटेनरही असतो, ज्याला पुष्कळ जण नुसती 'क्लिप' म्हणतात. चार्ल्स हॉले यांनी 1919 साली तो मांडला आणि अजूनही तो उत्तम काम करतो. पारदर्शकपेक्षा जास्त टिकतो, तार थोडी आवळून-सैल करून डॉक्टरांना त्यात बदल करता येतात. समोरून तार दिसते एवढाच तोटा. लेक वारंवार पारदर्शक रिटेनर मोडत असेल तर डॉक्टरांना याबद्दल विचारून पाहा.

खालच्या तारेबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, आणि मला भीती तिचीच आहे. ही तार सहसा एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, सहा दातांना आतून चिकटवलेली असते. ती कायम तोंडातच असते म्हणून रुग्ण निर्धास्त होतात. पण चिकटवलेला डिंक एखाद्या दातावरून सुटला तरी दुखत नाही, तार जागेवरच दिसते, आणि तो एकटा दात मोकळा होऊन महिन्याभरात वळून बसतो. म्हणून तिने आठवड्यातून एकदा तरी आरशात बघून, नखाने हळूच चाचपून, प्रत्येक दातावरचा डिंक घट्ट आहे ना हे पाहावं. काही वेळा तार शाबूत असूनही, ती वाकली गेल्यामुळे, एखादा दात हळूहळू तिरका होतो. 'एकच दात पुढे आल्यासारखा वाटतो' असं ती कधी म्हणाली तर ते हसण्यावारी नेऊ नका.

पुढच्या दातांनी ऊस सोलणं, चिक्की किंवा पेरू चावून तोडणं, मक्याचं कणीस ओरबाडणं, बर्फ फोडणं, यांनी ही तार सुटते. पेरू कापून खावा, चिक्कीचा तुकडा हाताने मोडून दाढेने चावावा. बंदी कशावरच नाही.

शिवाय खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटण सगळ्यात लवकर साचतं, कारण जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात आणि लाळेतले क्षार दातांवर बसत जातात. त्यात तार असली की ब्रश नीट पोचत नाही. तारेखालून ओवता येतो असा कडक टोकाचा फ्लॉस किंवा दातांच्या फटीत घालायचा छोटासा ब्रश वापरायला डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, आणि दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या. दात साफ करून घेतल्याने ते हलतात हा समज चुकीचा आहे. हिरडी सुजून खाली सरकली की दात हलतात, तारेने धरले तरी.

राहिला फोन. तुमच्या मागे लागण्याने तीन आठवड्यांत काही साधलं नाही, उलट ती सांगायचं टाळू लागली. ती आता अठरा वर्षांची आहे, दात तिचे आहेत. या वेळी दवाखान्यात खुर्चीत ती बसेल आणि प्रश्नही तिलाच विचारू द्या, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल. साच्यावर रिटेनर चढवून डॉक्टर जे दाखवतील ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की तुमच्या रोजच्या फोनची गरज बरीच कमी होईल. तारा लावायच्या आधीचा तिचा एखादा फोटो आणि आताचा फोटो तिला मोबाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवू दे. हॉस्टेलवर रिटेनरची डबी मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवायला सांगा. रात्री चार्जर लावायला कुणीच विसरत नाही. डबी कडक, हवेसाठी छिद्रं असलेली आणि भडक रंगाची हवी, आणि एक जादा डबी तिच्या बॅगेत कायम असू दे. मेसमध्ये जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर ताटाबरोबर कचऱ्यात जातो. रिटेनर हरवण्याचं याहून नेहमीचं कारण मला माहीत नाही.

नवा रिटेनर बनेल तेव्हा डॉक्टरांना सांगून एकाच मापावर दोन बनवून घ्या. एक पुण्याला, एक सांगलीला घरी. स्कॅन केलं असेल तर त्याची फाईल मागून घ्या आणि लेकीच्या ईमेलवर ठेवा. प्लास्टरचा साचा असेल तर तो दवाखान्यातून घरी आणून न फुटेल असा ठेवा. पुण्यात मध्येच रिटेनर मोडला आणि दात अजून हललेले नसले, तर त्या फाईलवरून तिथलाही ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ, चटकन नवा करून देऊ शकतो, सांगलीला धाव घ्यायला नको. तिथल्या एका डॉक्टरांचं नाव तुमच्या डॉक्टरांकडूनच विचारून ठेवा. नाव सुचलं नाही तर डेंटल कॉलेजांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग असतो, तिथे खर्चही कमी येतो. फक्त दाखवायला जाताना एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, घेतलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडेच जा. इंटरनेटवरून घरबसल्या माप पाठवून मागवायच्या अलायनरच्या जाहिराती हॉस्टेलच्या मुलींपर्यंत पोचतात. हिरड्या आणि मुळं कुणी न तपासता दातांवर दाब देणं धोक्याचं आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा.